पुठ्ठ्याची पेटी झाली खाट

लहान मुलींना मोठ्याने वाचून दाखवायचं पुस्तक निवडण्याची माझी एक रीत होती. यमकाचा शब्द यायच्या आधी मी थांबायचे. वर्गाने तो शब्द आपणहून म्हटला तर पुस्तक चांगलं. वर्ग माझ्या तोंडाकडे बघत बसला तर ते कितीही रंगीत असो, परत. या रीतीचा मला भारी अभिमान होता. ज्या पुस्तकाबद्दल लिहायला बसले आहे ते या परीक्षेत पहिल्याच दिवशी पास झालं, आणि ते पास झालं याचं मला आजही वाईट वाटतं.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. चिखलीच्या मुलींच्या शाळेत मी बिगरीला शिकवायचे, म्हणजे नुकती पाटी धरायला लागलेल्या मुलींना. नवरा तहसील कचेरीत कारकून, आणि आमची पाच वर्षांची एकुलती एक मुलगी माझ्याच वर्गात. अमरावतीला ट्रेनिंग घेतलेली मी शाळेत एकटीच होते आणि हे मी कोणाला विसरू द्यायचे नाही. आमच्या हेडमास्तरीण, त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्या मला एकदा म्हणाल्या होत्या, "तुमचं शिकवणं चांगलं आहे हो, पण तुमच्या जिभेला हाड नाही." मला ती माझी स्तुतीच वाटली.

त्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला नागपूरहून मंजुरी आली की बिगरीसाठी चित्रांची, गाण्यांची पुस्तकं घ्यावीत आणि दर शनिवारी वर्गात वाचून दाखवावीत. तोवर आमच्या वर्गात बाराखडीचा एक फाटका तक्ता सोडला तर चित्र म्हणून काही नव्हतं. मोठ्या बाईंनी ते काम माझ्यावर सोपवलं. दोन पुस्तकं घेता येतील म्हणाल्या. मी दोन दिवस हवेतच होते.

पुस्तकं मिळायची ती कचेरीच्या मागच्या गल्लीत, जिल्दसाजाकडे. हा म्हातारा मुसलमान कचेरीची दफ्तरं, वकिलांच्या वह्या, शाळेची हजेरीपुस्तकं बांधून द्यायचा, आणि जोडीला शाळेला लागणारी पुस्तकं मागवायचा. मलकापूरपर्यंत रेल्वेने, तिथून मोताळा, बुलढाणा करत सर्व्हिस मोटारीने त्याची गाठोडी यायची. सारं गाव त्याला चाचा म्हणायचं, मीही. त्याची सहा वर्षांची नात माझ्या वर्गात होती. कचेरीतली सगळी दफ्तरं मराठीत, तेव्हा पोरीलाही मराठी आली पाहिजे, असं त्याचं म्हणणं. ती आणि माझी मुलगी शाळा सुटल्यावर त्याच्या दुकानामागच्या खोलीत कागदाच्या कातरणांत खेळत बसायच्या.

त्या दुकानाची एक गोष्ट इथेच सांगायला हवी. पुस्तक बांधायला खळ लागते, आणि खळ म्हणजे शिजवलेली कणीकच. त्यामुळे उंदरांचा तिथे नेहमीचा राबता. चाचा खळीत मोरचूद घालायचा. ती निळसर खळ खाऊन अधूनमधून एखादा उंदीर मरायचा, चाचा त्याला सुपडीत घेऊन उकिरड्यावर टाकून यायचा. त्याच्याकडे मेलेला उंदीर दिसला तर कोणाच्या कपाळाला आठी पडत नसे. खळ खाऊन मेला म्हणायचं आणि पुढे जायचं.

चाचाने माझ्यापुढे पाच पुस्तकं मांडली. पहिल्यात समुद्र होता, होड्या होत्या, नारळ होते. चिखलीच्या मुलींनी पाणी पाहिलं होतं ते विहिरीचं. 'लाटे'ला 'ताट' जुळवलं होतं ते ठीक, पण लाट म्हणजे काय हे सांगण्यातच माझा शनिवार गेला असता. दुसऱ्यात एक गुणी मुलगा होता. लवकर उठावे, दात घासावे, थोरांस नमावे. याला यमक म्हणत नाहीत, हुकूम म्हणतात. तिसऱ्यात आगगाडी होती, पण छापताना रंग घसरला होता आणि इंजिनाचा धूर ड्रायव्हरच्या तोंडावर आला होता.

चौथं बागुलबुवाचं. खरं सांगायचं तर यमकं त्यातलीच सगळ्यांत फक्कड होती. पण बागुलबुवाचे डोळे पानभर लाल, आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी तो एकेका हट्टी मुलाला पोत्यात घालायचा. हात लावशील तर नेईन, उघडशील तर नेईन, असं सगळं. मुलांना भीती घालून शिकवू नये, असं आम्हाला ट्रेनिंगला सांगितलेलं. मी ते दोन बोटांनी बाजूला सरकवलं.

पाचवं उंदराचं होतं. एक इवलासा उंदीर दिवसभर दाणे गोळा करतो, दमतो, एक मुलगी त्याला निजवते, सकाळी तो उठतो, संपलं. पण शब्द सगळे आमच्या मुलींच्या घरातले. डावीकडच्या पानावर पुठ्ठ्याच्या पेटीत उंदीर निजलेला, अंगावर लाल चिंधी, पुढचे दोन पाय चिंधीबाहेर, डोळे मिटलेले. खाली कडवं होतं:

पुठ्ठ्याची पेटी झाली खाट,
मऊ चिंधीचा वर थाट;
हळूच बोला, दिवा विझला,
इवला उंदीर गाढ निजला.

समोरच्या पानावर कोंबडा आरवत होता आणि उंदीर उठून चिंधीची घडी करत होता. मी तिथेच दुकानात ते कडवं मोठ्याने वाचलं आणि शेवटच्या शब्दाआधी थांबले. आतल्या खोलीतून चाचाची नात ओरडली, "निजला." तिने चित्रही पाहिलं नव्हतं. मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, हे द्या.

चाचाने ते माझ्या हातातून परत घेतलं, ते पान उघडलं आणि दाभणाच्या टोकाने चित्रातल्या उंदराला शिवल्यासारखं करून म्हणाला, "बाई, हा उंदीर काऊन झोपून राह्यला?"

"दमला म्हणून. खाली लिहिलंय की."

"झोपेल उंदीर कोनी पाह्यला? मी साठ वर्साचा झालो. पळता उंदीर पाह्यला, नाही त मेलेला पाह्यला. झोपेल नाही पाह्यला."

मी हसले. तो हसला नाही. त्याची दोन मुलं मागच्या प्लेगात गेली होती हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, मलाही. राहिलेल्या एकाची ही मुलगी. पण तो त्याबद्दल बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"माह्या घरात असाच पडेल होता एक, चुलीपाशी," तो म्हणाला. "मोठ्या पोरानं शेपटीले धरून फेकला. तिसऱ्या दिवशी ताप, पाचव्या दिवशी खलास. धाकटा त्याच्या मांगं. लेकरं जसं चित्रात पाह्यतात तसंच करतात, बाई. हे नका घेऊ. ते बागुलबुवाचं न्या. थोडं भेव पाह्यजे लेकराले."

आता हे सगळं लिहिताना मला त्याचा एकेक शब्द ऐकू येतो. तेव्हा मला फक्त एवढंच दिसलं की ज्याला पुस्तकाची फक्त पाठ शिवता येते तो म्हातारा मला, अमरावतीहून शिकून आलेल्या बाईला, पुस्तक निवडायला शिकवतो आहे. मी म्हटलं, "चाचा, चित्रातला उंदीर चावत नाही." त्याने दाभण खाली ठेवलं. मग दोन्ही हातांनी पुस्तक माझ्यापुढे धरलं, तो पुस्तक नेहमी तसंच द्यायचा. दुसरं म्हणून मी समुद्राचं घेतलं, लाट समजावून सांगायची तयारी ठेवून.

समुद्र एका शनिवारात बुडाला. उंदराने मात्र वर्ग जिंकला. मी 'गाढ' म्हणून थांबायचे, आणि सगळ्यांच्या आधी चाचाच्या नातीचा आवाज यायचा, "निजला". मग बाकीच्या म्हणायच्या. तिचा आवाज थोडा घोगरा होता. दुसरी कोणी तिच्या आधी बोलली तर ती रुसायची, म्हणून होता होता वर्गाचा नियमच झाला की शेवटचा शब्द पहिल्यांदा तिचा. मुली घरी चिंध्यांचे उंदीर करून निजवायला लागल्या. मोठ्या बाई दारात उभ्या राहून ऐकून गेल्या आणि पहिल्यांदाच माझ्या जिभेबद्दल काही बोलल्या नाहीत.

दिवाळीनंतर थंडी पडली. धाडच्या बाजाराहून आलेल्या एका बाईने विहिरीवर सांगितलं की तिकडे खेड्यात उंदीर मरून पडताहेत. दुसरीने तिला गप्प केलं. कापसाचा बाजार भरात होता, गाड्यांची रांग वेशीबाहेर जायची, आणि साथ आली असं एकदा कोणी मोठ्याने म्हटलं असतं तर गाव ओस पडून बाजारच उठला असता. म्हणून कोणीच मोठ्याने म्हणत नव्हतं. माझ्या नवऱ्याने कचेरीत विचारलं, तेव्हा साहेब म्हणाले, अफवा आहे. आम्ही त्या रात्री मुलीच्या अंथरुणाजवळची जमीन सारवून घेतली आणि तेवढ्यावर समाधान मानलं.

त्याच आठवड्यात पुस्तकाची शिवण सुटली. इतक्या हातांतून गेल्यावर सुटणारच. संध्याकाळी मी ते घेऊन चाचाकडे गेले, पुस्तकही द्यायचं आणि मुलीलाही आणायचं. चाचा ओट्यावर बसून कोणाची तरी वही शिकंज्यात आवळत होता. मी आत गेले.

दोघी मुली कोपऱ्यात उकिडव्या बसल्या होत्या. चाचाच्या नातीने ओठांवर बोट ठेवून मला खूण केली, हळूच बोला. मग तिने एका पुठ्ठ्याच्या पेटीवरची लाल चिंधी उचलली. ती चिंधी कचेरीच्या दफ्तरांना लावतात त्या खारव्याची होती. आत उंदीर होता. डोळे मिटलेले नव्हते, अर्धे उघडे होते. अंगावरचे केस उभे राहिले होते आणि नाकाशी रक्ताचा वाळलेला ठिपका होता. पुढचे दोन पाय चिंधीबाहेर काढून ठेवले होते, थेट चित्रातल्यासारखे.

"बाई, निजला," ती म्हणाली.

मला काय वाटलं ते खरं लिहिते, नाहीतर हे लिहिण्यात अर्थ नाही. सगळ्यांत आधी मला आनंद झाला. पुस्तक मुलींच्या हातात उतरलं होतं, आणि ते मी निवडलं होतं. माझ्या तोंडून "शाबास" निघून गेलं. मग दुसऱ्या क्षणाला घाण वाटली. मग मनाने ताबडतोब सांगितलं, चाचाकडचा उंदीर, खळ खाऊन मेला. रक्ताचा ठिपका मी पाहिला होता. खळ खाऊन मेलेल्या उंदराच्या नाकातून रक्त येतं की नाही, हे मला ठाऊक नव्हतं आणि ओट्यावर बसलेल्या माणसाला विचारलं असतं तर कळलं असतं. दहा पावलांवर तो होता.

मी विचारलं नाही. विचारायला गेले असते तर त्याने पेटीत वाकून पाहिलं असतं, मग माझ्याकडे पाहिलं असतं. "मी सांगत नव्हतो का?" असं तो म्हणालाही नसता. ते त्याचं न म्हणणंच मला नको होतं.

मी नातीला सांगितलं, "टाकून ये आता हे उकिरड्यावर. आणि हात धू." माझ्या मुलीचे हात तिथेच धुता आले असते. कोपऱ्यात त्यांचा रांजण होता, पाण्याने भरलेला. पण मुसलमानाच्या घरचं पाणी आम्ही घेत नसू. त्या काळी त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं, त्यांनाही नाही, किंवा असं आम्ही समजत होतो. मी मुलीला दंडाला धरून उठवलं. जाताना ओट्यावर पुस्तक ठेवलं, तेव्हा चाचाने विचारलं, "काय करून राह्यल्या पोरी आत?"

"गाणं म्हणताहेत," मी म्हटलं.

घरी आणून मी मुलीचे कपडे न्हाणीत काढले, उकळतं पाणी ओतून तिथेच भिजवले आणि तिला डोक्यावरून आंघोळ घातली. त्या घरी खेळून आली की तिचे कपडे बदलायचे ही आमच्या घरची रीतच होती. त्या दिवशी मी ती जरा जास्तच कडकपणे पाळली. पुढे प्लेगच्या डॉक्टरांनी गावाला समजावलं की रोग उंदरावरच्या पिसवांतून येतो. पिसवा कपड्यांत बसतात, आणि मेलेला उंदीर गार झाला की जवळच्या उबदार अंगावर जातात. तेव्हा मला कळलं की माझ्या शिवाशिवीने माझी मुलगी वाचवली होती. ती वाचली याचा मला आनंद झाला, आणि तो आनंद मी कधी कोणाला सांगू शकले नाही.

चौथ्या दिवशी चाचाची नात शाळेत आली नाही. त्याच दिवशी कापसाच्या बाजारात उंदीर पडले. एक नाही, सुपडीने उचलावे इतके. आता मोठ्याने म्हणायला कोणाची हरकत उरली नाही. दोन दिवसांत गाव उठलं. तुराट्या, पऱ्हाट्या, तट्टे, जे मिळेल ते घेऊन लोकांनी वावरांत झोपड्या घातल्या. आमची कचेरीवाल्यांची ओळ एका बाजूला, नाल्याच्या पलीकडे मुसलमानांच्या झोपड्या. कुलपं लावलेल्या घरांत मांजरंही राहिली नाहीत.

झोपडीत मी रोज सकाळी मुलीच्या काखेत आणि जांघेत हात घालून गाठ चाचपायचे. तिला गुदगुल्या व्हायच्या, ती हसायची. ती हसली की तेवढ्यापुरता माझा जीव भांड्यात पडायचा. मग दुपारी पुन्हा चाचपायचे, संध्याकाळी पुन्हा. एकदा तिचं अंग थोडं कोमट लागलं, तेव्हा मी नवऱ्याला काही न सांगता तिला मांडीवर घेऊन बसले आणि वाट पाहत राहिले. ती म्हणाली, "आई, उंदराचं म्हन ना." मी बागुलबुवाचं म्हटलं. एकदाच वाचलेलं, पण सगळं पाठ होतं. हात लावशील तर नेईन, उघडशील तर नेईन. ती घाबरून माझ्या कुशीत शिरली आणि झोपली. उन्हात खेळल्यामुळे अंग तापलं होतं, दुसरं काही नव्हतं.

नाल्यापलीकडची बातमी नवऱ्याने आणली. चाचाची नात गेली होती, झोपडीत यायच्याही आधी, गावातल्या घरातच. मी भेटायला गेले नाही. साथ आहे, लहान मूल आहे घरात, असं मी कारण सांगितलं आणि सगळ्यांना ते पटलं. मला तिथे जायची भीती साथीमुळे नव्हती.

ऊन तापायला लागलं तशी साथ ओसरली. घरं धुऊन, चुना मारून लोक परत आले. शाळा उघडली तेव्हा माझ्या वर्गातल्या तीन जागा रिकाम्या होत्या. बाकीच्या दोघी कशा गेल्या, कुठून त्यांना लागण झाली, ते मला माहीत नाही आणि मी कधी चौकशी केली नाही. मोठ्या बाईंनी हजेरीपुस्तकात तीन नावांपुढे रेघ ओढली आणि म्हणाल्या, "डिप्टी येणार आहेत तपासणीला. ती चित्रांची पुस्तकं समोर ठेवा. दुसरं कुठे आहे?"

दुसरं चाचाकडे होतं. मी दोन दिवस चालढकल केली. तिसऱ्या दिवशी, शनिवारी, शाळा सुटल्यावर मुलीचं बोट धरून गेले. ती बरोबर असली की जास्त बोलणं होणार नाही, असा माझा हिशेब.

चाचा ओट्यावरच होता. दुकानात नवा चुना मारला होता, कागदाची कातरणं कुठे दिसत नव्हती. खळीचं भांडं तेवढं शेजारी होतं. त्याने मला "बसा" म्हटलं, मी उभीच राहिले. त्याने फळीवरून पुस्तक काढलं.

"किताब शिवून ठेवली होती," तो म्हणाला. "तिले ताप यायच्या आधीच शिवली."

मी हात पुढे केला. त्याने पुस्तक दिलं, दोन्ही हातांनी. मग खाली बघून बोलायला लागला. आवाज अगदी साधा होता.

"तापात एकच बोलून राह्यली होती. म्हने, बाईले दाखवला. बाई शाबास म्हनल्या. सकाळी उठते म्हने तो. पेटी उशाशी घेऊन झोपली होती, सकाळी उठते म्हनून. मले वास आला तवा समजलं." तो थांबला. वर्गात मी थांबायचे तसाच. मग म्हणाला, "तापात लेकरं कायबी बोलतात, नाही का बाई?"

त्याने मला दार उघडून दिलं होतं. कुठल्या बाजूने जायचं हे माझ्यावर होतं. हो चाचा, मी पाहिला होता, तुम्ही दहा पावलांवर होतात, मी तुम्हाला सांगितलं नाही. एवढीच तीन वाक्यं. ती मी झोपडीत रोज मनात म्हटली होती. मी म्हटलं, "हो चाचा. तापात मुलं काहीही बरळतात."

माझ्या मुलीने माझं बोट ओढलं. "पन आई, तू त पाह्यला होता ना," ती म्हणाली. "मग मले घरी नेऊन आंघोळ घातली."

गल्लीतून एक बैलगाडी गेली. चाचाने मान वर केली नाही. मी पाहिले ते त्याचे हात. त्यांनी माझ्याकडून पुस्तक काढून घेतलं, मांडीवर उघडलं, पेटीचं पान आणि कोंबड्याचं पान समोरासमोर आलं. त्याने कुंचला खळीत बुडवला आणि डावीकडचं पान कडेपासून कडेपर्यंत नीट भरलं. चिंधी निळसर झाली. मग त्याने दोन्ही पानं एकमेकांवर मिटली, तळहाताने आतून बाहेर दाबत नेली, बुडबुडा राहू नये अशी, जन्मभर करत आला तशी. पुस्तक शिकंज्यात घालून त्याने आवळलं.

"ओली हाये," तो म्हणाला. "सोमवारी न्या."

सोमवारी मी एकटी गेले आणि पुस्तक घेऊन आले. पुढेही त्या गावात आमची पाच वर्षं गेली, मी हजेरीपुस्तकं त्याच्याकडेच बांधायला द्यायचे आणि तो ती दोन्ही हातांनी परत द्यायचा.

त्या आठवड्यातल्या शनिवारी मुलींनी उंदराचं मागितलं. मी नाही म्हणू शकले असते. पण मोठ्या बाई दारात होत्या आणि डिप्टींपुढे वाचायची तालीम व्हायला हवी होती. मी दाणे गोळा करायचं कडवं वाचलं, दमल्याचं वाचलं, पान उलटलं. जाड, कडक पान हाताला लागलं, आणि पुढे एकदम शेवटचं कोरं पान. मी तशीच थांबले.

मुलींना वाटलं मी नेहमीसारखी थांबले आहे. त्यांना पानाची गरजच नव्हती. सगळ्या मिळून म्हणायला लागल्या, पुठ्ठ्याची पेटी झाली खाट, मऊ चिंधीचा वर थाट. हळूच बोला, दिवा विझला. इवला उंदीर गाढ. आणि तिथे सगळ्या थांबल्या. तो शब्द पहिल्यांदा कोणी म्हणायचा ते ठरलेलं होतं. कोणी तो नियम मोडला नाही. माझ्या मुलीनेही नाही. एकदोघींनी वळून त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, मग सगळ्यांनी माझ्याकडे.

"निजला," मी म्हटलं.

पुढचं कडवं सकाळचं होतं, उंदीर उठायचं. ते सुरू व्हायच्या आत मी घंटा द्यायला सांगितली, आणि त्या शनिवारी बिगरी अर्धा तास लवकर सुटली.